तीर्थपुरीच्या शाळेचा कागद

हॅलो? … हॅलो!

हो, हो, जालनाच. शेटजींच्या कापूस-जिनिंगची कचेरी. … कोण पायजे? अहो मीच! द्वारकाबाई. तीर्थपुरीची द्वारकाबाई. … अरुंधतीबाई, तुम्हीच ना? मंग जरा जोरात बोला. इथं सरकी निघून राह्यली, मशीनचा लई धडधडाट हाये. … हां, आता बराबर आलं.

बाई, बाकीचं ऱ्हाऊ द्या. निकाल लागला का? … न्हाई अजून? … शाळाखात्याचे साहेब जेवायला गेलेत. बरं. … आल्याबरोबर सही करतेत. … मंग तुम्ही आत्ताच कसा लावला फोन? … अस्सं. औरंगाबादच्या कचेरीतल्या कारकुनानं लाइन लावून दिली, आता सोडली तर पुन्हा मिळायची न्हाई म्हणतो. मंग नका सोडू! मीबी धरून ठेवते. साहेबानं चार घास जास्ती खाल्ले तरी मला चालतंय.

एकटी कशाला येईन? गोजरबाई आली संगं. आणि काकासाहेब. … कोण म्हंजी? आपले काकासाहेब! शाळेचे मोठे पंच. हो, तेच. इथं बाकड्यावर बसलेत, पटका मांडीवर काढून. … तुम्हाला खरं वाटंना ना? महिन्याखाली मलाबी कुणी सांगितलं असतं तर मी हासले असते.

तुमचं कार्ड? मिळालं ना. त्याच्यापासूनच तर सगळं सुरू झालं. … कसं म्हंजी? थांबा, सांगते. तुमच्या आईची तब्येत आधी सांगा. … उठून बसते? भाकरी खाते? वा! देव पावला. तुम्ही शाळेतून रजा काढून आईकडं गेल्या तर आम्ही म्हणलं, आता बाई औरंगाबादच्याच झाल्या.

तर ऐका. तुमचं कार्ड आलं तव्हा घरात वाचणारं कोणीच न्हाई. ल्योक रानात गेल्ता. मंग नातीलाच हाक मारली. तुळजाला. म्हणलं, तिसरीत हायेस ना, वाच. … वाचलं ना! बोट ठेवून, एकेक अक्षर. 'तीर्थपुरीची मुलींची शाळा…' आणि थांबली. म्हणलं, वाच की पुढं. तर मान खाली. मंग हळूच वाचलं, '…बंद करण्याचा विचार चालू आहे.' आणि मला इचारते, आजी, माझी शाळा का? … बाई, पोरीला आपण वाचायला शिकवलं, आणि तिनं पयलं कार्ड वाचलं ते हे.

… हो, पुढचंबी सगळं वाचलं. अकराच पोरी येतेत, तीस पायजेत, न्हाईतर शाळा अंबडला न्यायची. अंबडला कोण पाठवतंय हो पोरीला? आणि ते खालचं, की पंधरा दिवसांखालीच पंचांकडं कागद धाडलाय, लोकांचं काय म्हणणं हाये ते कळवा म्हणून. म्हणलं, कागद? कसला कागद? गावात तर कुणाच्या कानावर न्हाई.

तशीच उठले. पायात वहाण न्हाई घातली. गेले काकासाहेबांकडं. ते सुपारी कातरून राह्यले व्हते. म्हणलं, काकासाहेब, शाळेचा कागद आलाय का? म्हणले, आलाय. म्हणलं, काय लिव्हलंय? म्हणले, मामुली हाये. म्हणलं, मामुली असन तर वाचून दाखवा. … न्हाई ना दाखवत! आज बघू, उद्या बघू. मंग मी तिथंच बसले, ओट्यावर. म्हणलं, मी काही उठत न्हाई.

… हळू बोलते आता. ते इथंच हायेत. … तर त्यांनी गादीखालून कागद काढला. घडी मोडलेली नव्हती, बाई. उर्दूत सगळा. माझ्यापुढं धरला, आणि म्हणले, "द्वारकाबाई, मला उर्दू वाचता येत न्हाई."

… हो! बारा वर्षं पंच! … तेच मी म्हणलं, आजवरचे कागद? तर म्हणले, येत गेले, ठेवत गेलो. कुणाला इचारावं तर लाज वाटे. लोक म्हणतेन, कसला हा मोठा माणूस. … न्हाई, हासले न्हाई मी. मला तर एकबी अक्षर येत न्हाई, मी कशाला हासू? पण बाई, त्यांचं तोंड असं झाल्तं, पाटीवर पाणी फिरवल्यावानी.

मंग आम्ही दोघं पोस्टातल्या मुन्शीजींकडं गेलो. त्यांनी घडाघडा वाचला. त्यात साफ लिव्हलं व्हतं, दै म्हणून हा सरकारी महिना हाये ना, त्याच्या वीस तारखेला निकाल, म्हंजी आजच. पंधरा तारखेला साहेब तपासायला येणार. आणि हे सगळं पंचांनी गावातल्या लोकांला सांगावं. सांगावं, बाई! ते सांगणंच राहून गेल्तं.

हॅलो? … हॅलो? … हाये ना लाइन? … हां.

तर काकासाहेबांनी मला इचारलं, आता काय करावं? म्हणलं, करायचं काय? सांगायचं. बाजाराच्या दिशी कचरूला दवंडी द्यायला लावली. आणि बाई, तिथंच घोटाळा झाला! … अहो, कचरूला एवढं लांबलचक कुठं ध्यानात ऱ्हातंय? त्यानं हलगी वाजवली आन् दणकून सांगितलं, 'पोरींची शाळा बंद हो ऽ ऽ!' बस. पुढचं गिळलं!

… हासू नका! दुसऱ्या दिशी शाळेत चार पोरी. अकराच्या चार! नरहर मास्तर, ते तुमच्या जागी मुलांच्या शाळेतून दोन तास येतेत ना शिकवायला, ते दारात उभे, डोक्याला हात लावून. लोकांला वाटलं, शाळा गेलीच. आता कशाला पाठवायची पोर?

तव्हा मला कळलं, नुसतं वरडून भागत न्हाई. माणसापुढं बसून सांगावं लागतंय. आणि बाजारात ऐकलं कुणी? बाप्यांनी. बाया तर कापूस येचायला रानात. मंग मी आणि गोजरबाई निघालो. … अगं गोजरे, तुझंच सांगून राह्यले! … ती म्हणते, माझे पाय अजून दुखतेत म्हणून सांग. सात दिवस, बाई. पयल्यांदा आमची आळी, मंग वरची आळी, मंग मळे. बाया येचत व्हत्या तिथंच, सरीला सरी धरून आम्हीबी येचायचो आणि सांगायचो. शाळा बंद झाली न्हाई. होणार का, ते ठरायचं हाये. वीस तारखेला ठरणार. तुमचं काय म्हणणं हाये?

… काय म्हणल्या? एकजण तर म्हणली, "आम्हाला इचारून राह्यल्या व्हय?" म्हणलं, हो, तुम्हालाच. मंग जे सुरू झालं ना! शाळा दुपारची असती, दुपारी पोर धाकट्याला धरते, मंग मी येचू कशी? शाळा सकाळी घ्या म्हणावं. दुसरी म्हणली, माझी पोर मोठी झाली, वेशीतून जाताना पारावरचे टवाळ बोलतेत, त्याचं बघा. तिसरी म्हणली, शाळेत पाणी प्यायला माठ न्हाई. … हो ना! इतके दिवस आपण म्हणायचो, लोकांला शाळा नको. त्यांला शाळा पायजेच व्हती, बाई. दुपारची नको व्हती!

मंग काकासाहेबांनी शाळा सकाळची केली. पारावर सोता जाऊन बसले, पोरी जाईपर्यंत. माठ त्यांच्या घरचा आला. आणि धाकटी लेकरं? आम्ही म्हाताऱ्या हाये ना. महादेवाच्या देवळात सावलीला बसतो लेकरं घेऊन. एकदा तर एकोणीस लेकरं व्हती. एक रडलं की सगळे सूर लावायचे. … अठरा पोरी आल्या पयल्या दिशी. मंग तेवीस. पंधरा तारखेला तीस भरतेन, असा हिशोब व्हता.

आणि साहेब आले चौदाला!

… हो! एक दिवस आधी! आणि त्या दिशी काकासाहेबांच्या मोठ्या मळ्यावर येचणी, सगळी आळी तिकडं. पोरींला म्हणलं व्हतं, आजचा दिवस सुट्टी घ्या, उद्या मातर सगळ्या या. … तर काय! शाळेत सहा पोरी, आणि वेशीत मोटार वाजली.

… कोण? कोण बोललं मधी? … एक्स्चेंजवाले दादा का? … वेळ झाला? अहो दादा, लाइन तोडू नका. तिकडं साहेबाचा निकाल यायचा हाये. … काय म्हणता? … बाई, ऐकलं का? हे दादा सगळं ऐकून राह्यलेत, इचारतेत, मंग मोटार वाजल्यावर काय झालं? … सांगते दादा. पण तुम्ही बटनाला हात लावू नका.

झालं असं, कचरूनं मोटार पाह्यली. दवंडीचं त्याच्या मनाला लई लागल्तं. आठ दिवस माझ्यापुढं यायचा न्हाई. त्यानं हलगी घेतली आणि थेट मळ्याकडं पळत सुटला. बांधावर उभा राहून वाजवली, आणि या वक्ताला काय वरडला म्हाईत हाये का? "साहेब आले हो, पोरींची शाळा उघडी हाये, पोरी पाठवा, जल्दी पाठवा!" एकबी शबूद गाळला न्हाई!

मी तव्हा देवळात, दोन मांडीवर, एक खांद्यावर. पाहते तर बांधाबांधानं पोरी पळून राह्यल्या. परकर खोचलेले, ओटीत कापूस तसाच. मागून बाया. कुणाच्या केसात कापूस, कुणाच्या कानाला. रस्ता पांढरा झाल्ता, बाई, पडलेल्या कापसानं. गोजरबाई सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हातांला दोन पोरी. … ती म्हणते, एक माझी नव्हती, सापडली तशी आणली!

साहेब शाळेच्या दारात, हातात हजेरीचा कागद. सहा पोरी मोजून झाल्या व्हत्या. आणि ह्या आल्या. बसायला जागा पुरंना. भिंतीला लागून उभ्या राह्यल्या. साहेब मोजतेत, मोजतेत… म्हणले, "इत्ती लडकियां? कागद में तो ग्यारा है." … सत्तेचाळीस, बाई. सत्तेचाळीस!

… तुम्ही रडून राह्यल्या का? … मंग पुसा डोळे. खरं सांगायचं तर पुढंच हाये.

साहेब हुशार. म्हणले, आज बोलावून आणल्या असतेन, तपासणीपुरत्या. आजवर का नव्हत्या? आणि काकासाहेब उठले. पटका सारखा केला, हात जोडले. म्हणले, "हुजूर, आपला कागद महिन्याखाली आल्ता. मला उर्दू वाचता येत न्हाई. लाजेपायी मी कुणाला सांगितलं न्हाई. गावाला कळलंच न्हाई, म्हणून गाव आलं न्हाई. कळलं, तर बघा, आलं. कसूर माझी हाये, पोरींची न्हाई."

… सगळ्यांपुढं, बाई. पोरीबाळींपुढं, बायांपुढं, त्यांच्या सुनांपुढं. मला वाटलं, आता लोक हासतेन. कुणी हासलं न्हाई. कचरू तर मान खाली घालून उभा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणले, बारा साल में ये बात किसी ने नहीं बतायी. काकासाहेब म्हणले, कुणी इचारली न्हाई आणि मी सांगितली न्हाई.

मंग साहेबांनी तुळजाला वाचायला लावलं. … वाचलं की! आणि कार्डावानी अडखळली न्हाई. धडाच्या धडा म्हणली.

… काय? बोलावून राह्यले? साहेब आले का? … जा जा! पळा! आम्ही इथंच हाये. फोन खाली ठेवून जा, पण उलटा ठेवू नका, लाइन तुटन!

… गेली. काकासाहेब, साहेब आले म्हणते. बाई आत गेली. … न्हाई, अजून काही कळंना. बसा ना तुम्ही, फेऱ्या नका मारू, मला घाबरल्यावानी होतंय. … गोजरे, माझा हात सोड, फोन पडन. … मुनीमजी, चहा नको, आधी निकाल येऊ द्या.

… दादा, तुम्ही हाये का लाइनवर? … हाये? मंग बोला ना काहीतरी, लई गप गप वाटून राह्यलं. … तुम्हाला पोरी किती? … दोन? शाळेत घाला. … घातल्या? वा, शाणे हायेत तुम्ही.

… हॅलो! … हो, बाई! बोला! … सही झाली? … थांबा. एकेक सांगा. मी इथं मोठ्यानं म्हणते, म्हंजी सगळ्यांला ऐकू जाईन. … हं.

'तीर्थपुरीची मुलींची शाळा…' — तीर्थपुरीची मुलींची शाळा! — '…आहे त्याच गावी…' — आहे त्याच गावी! — '…कायम ठेवावी.'

कायम! काकासाहेब, कायम! … गोजरे, अगं थांब, नाचू नको, टेबल हालून राह्यलं! … बाई, मला काही ऐकू येईना. मशीन बंद पडल्या का माझेच कान बंद झाले? … काकासाहेब? ते पटक्यात तोंड घालून बसलेत. रडून राह्यलेत बहुतेक. रडू द्या.

… आणखी हाये? … बोला. … 'येत्या जूनपासून पाचवीचा वर्ग…' — जूनपासून पाचवी उघडणार! — … अगं पोरी, काय सांगून राह्यली तू! तुळजा पाचवी शिकन? तीर्थपुरीत? … माफ करा बाई, तोंडातून अगं निघालं. … चालतंय? मंग ऐक ना, पुन्हा एकदा म्हण. … पाचवी! ऱ्हाऊन ऱ्हाऊन खोटं वाटतंय.

… अजून? … 'शाळेबाबत काही ठरवायचे असल्यास… पंधरा दिवस आधी… मराठीतून लिहून… चावडीवर वाचून दाखवावे… स्त्रियांनाही बोलवावे.' — काकासाहेब, ऐकलं का? मराठीतून! तुमच्या त्या एका बोलण्यानं झालं हे. … ते मान हालवून राह्यलेत.

… हं, शेवटचं? … 'पंचांत एक स्त्री घ्यावी.' … घ्यावी की! बराबर हाये. … नाव? आत्ता? आत्ताच्या आत्ता नाव पायजे? … साहेब कागद घेऊन थांबलेत?

काकासाहेब, पंचात एक बाई घ्यायची, नाव इचारून राह्यलेत. … काय? … माझं? … गोजरे, तू गप. … न्हाई, न्हाई. बाई, ते दोघं माझं नाव सांगतेत. तुम्ही लिहू नका. लिहू नका म्हणते ना! … आवडन की मला. कुणाला आवडायचं न्हाई? आतून गुदगुल्या होऊन राह्यल्या मला. पण अगं, ऐक ना. इथं जिनिंगच्या कचेरीत तिघांनी बसून ठरवलं, आणि गावातल्या बायांला उद्या कळलं, तर मंग गादीखाली ठेवलेल्या कागदात आणि ह्याच्यात फरक काय? सात दिवस त्यांला सांगत फिरले, तुमचं म्हणणं इचारायला आले म्हणून. आता त्यांला न इचारता मीच पंच होऊन बसू? कोणत्या तोंडानं जाऊ मी त्या सऱ्यांत?

… हो. साहेबाला असंच सांग. म्हणावं, तीर्थपुरीच्या बायांला इचारून कळवतो. आठ दिवसांची मुदत द्या. … सांग ना, भिऊ नको. मी धरते.

… हं? … हासले? कसे हासले, रागानं? … खरंच? … 'बिलकुल दुरुस्त' म्हणले, अगदी बराबर हाये म्हणले! आठ दिवस दिले! काकासाहेब, दिले आठ दिवस!

तू कव्हा येतीस आता? … सोमवारी? आईला घेऊनच ये की. माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या हायेत. … न्हाई कशाला? तिला म्हणावं, देवळात बसायला अजून एक म्हातारी पायजेच. एकोणीस लेकरं हायेत, आवरत न्हाईत. आणि येताना पाचवीची पुस्तकं मिळाली तर— … हॅलो? … अरुंधती? … हॅलो! … दादा? … दादा, जोडा ना पुन्हा!

… गेली लाइन.

जाऊ द्या. काकासाहेब, घाला पटका. गोजरे, चप्पल शोध. मुनीमजी, शेटजींला रामराम सांगा. चला, उठा लवकर, चारची मोटार गाठायची हाये. एवढं सगळं झालं, आणि आपल्या गावाला अजून एक शबूद ठाऊक न्हाई!